खळ्यावरचं टेनिस

वळ गावातल्या आमच्या शेतांवर आता गोदामं उभी आहेत. भाडं येतं, खोटं कशाला बोलू, सुखात आहोत. उरलंय ते घरामागचं खळं. त्यावर मी टेनिस खेळते, चाळिशी उलटल्यावर शिकलेलं. नवऱ्याने जाळं बांधलं, चुन्याच्या रेघा मारल्या, आणि रोज संध्याकाळी तोच माझ्याशी खेळतो. सासूबाई खळं अजून शेणाने सारवतात. सारवल्या खळ्यावर पायताण चालणार नाही, हा त्यांचा नियम. म्हणून आम्ही अनवाणीच खेळतो. लोक हसतात. हसू देत की!

यंदा धाकट्या दिरांनी तिथे ट्रक उभे करायचा घाट घातला. जागा सासूबाईंच्या नावावर, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा. त्या मला म्हणाल्या, "ठाण्याला स्पर्धा हाय ना? एक तरी डाव जिंकून ये. मंग खळं तुजं." खळं गेलं की माझं टेनिसही गेलं.

ठाण्याला सिमेंटचं कोर्ट आणि बूट सक्तीचे. निजामपुऱ्याच्या बाजारातून नवेकोरे बूट आणले होते, पण ते घालून सराव करणार कुठे? आमच्या शेणामातीवर चेंडू गुडघ्याच्या वर येत नाही. इथे पहिलाच चेंडू कानाजवळून सुटला. समोरची बाई माझ्याच वयाची, पण अशी काही पळत होती की मला तिचा रागच आला. पहिला सेट गेला. दुसऱ्यात मी जीव खाऊन खेळले, टाचा सोलल्या तरी हटले नाही. तरी हरले. मग सगळ्यांदेखत रडले.

सासूबाई कुंपणाशी बसून सगळं बघत होत्या. घरी आल्यावर माझे पाय स्वतःच्या मांडीवर ओढून त्यांनी खोबरेल चोळायला घेतलं.

"अहो आई, पाय काय धरता!"

"गप बस गो."

दीर ओट्यावरच होते. "काय आये, जिंकली का वैनी?"

"न्हाय."

"मंग उद्यापासून ट्रक लावतो."

"कंचा ट्रक?" सासूबाई कडाडल्या. "तिला अजून धड खेळता येत न्हाय, दिसत न्हाय का तुला? मंग तिनं शिकायचं कुठं, तुज्या डोक्यावर?"