लाहू मनिषच्या कार्यक्रमाला गेला

आशागडचा लाहू चिकूच्या वाडीत कामाला आहे. झाडावरून चिकू उतरवायचे, धुवायचे, लहान-मोठे वेगळे करून खोक्यांत भरायचे. पन्नाशी उलटली आहे. बायको बायजी तीन वर्षांपूर्वी गेली. एकुलती मुलगी उन्नती लग्न होऊन वापीला असते. लाहू सकाळीच भाकऱ्या थापून ठेवतो आणि संध्याकाळीही त्याच खातो. एका माणसासाठी दोनदा चूल कोण पेटवणार?

फेब्रुवारीत उन्नतीने त्याच्या मोबाईलवर एक पोस्टर पाठवलं. गिटार घेतलेला, दाढी पिकलेला एक माणूस. खाली तिने विचारलं होतं, बाबा, हा तुमचा मनिष ना?

तोच होता. मनिषचे वडील डहाणूच्या शाळेत मास्तर होते आणि लाहू त्याच शाळेत वसतिगृहात राहून शिकला. दहावीनंतर मनिषने कुठून तरी जुनी गिटार मिळवली. पुढची पाच-सहा वर्षं दोघं किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांत बसून गाणी रचायचे. चाल मनिषची, शब्द लाहूचे. मग मनिष मुंबईला गेला. पहिली दोन वर्षं त्याची पत्रं आली, नंतर थांबली. लाहूनेही लिहिलं नाही. काय लिहायचं, हेच त्याला सुचत नसे.

उन्नतीने तिकीट काढून पाठवलं आणि तिथे काय काय असेल ते फोनवर समजावून सांगितलं. नाचगाणं नसेल, बँड नसेल. मनिष एकटाच गाईल. लोक खाली बसून गप्प ऐकतील, मध्ये उठायचं नाही, मोबाईल बंद ठेवायचा. प्रत्येक गाण्याआधी तो थोडं बोलेल. काही गाणी इंग्रजी असतील. त्यांना ब्लूज म्हणतात, ती दुःखाची असतात आणि त्यात एकच ओळ दोनदा म्हणतात. लाहू म्हणाला, ओळ तर आपल्याकडेही दोनदाच म्हणतात.

रविवारी संध्याकाळी पाचला, समुद्रालगतच्या एका बंगल्याच्या अंगणात कार्यक्रम होता. लाहूने उन्नतीच्या लग्नातला शर्ट घातला. फाटकावरच्या मुलीने त्याला बघून सांगितलं, सामान मागच्या बाजूने न्यायचं आहे. त्याने मोबाईलवरचं तिकीट दाखवलं तेव्हा ती ओशाळली आणि, "काका, बसा ना पुढे," म्हणाली. पण तो मागेच, भिंतीजवळ बसला.

पन्नास-साठ माणसं असतील, बहुतेक मुंबईची. सतरंज्यांवर उशा टाकलेल्या. मनिष आला, बसला आणि बराच वेळ तारा जुळवत राहिला. कोणी कुरकुरलं नाही. मग तो गाऊ लागला. आवाज जाडाभरडा झाला होता, पण ओळीच्या शेवटी श्वास सोडायची ती जुनी सवय तशीच होती. लाहूला आतून इतकं बरं वाटलं की शेजारच्याला सांगावं, हा माझा दोस्त. पण शेजारची जोडी एकमेकांना टेकून डोळे मिटून बसली होती.

तासाभराने मनिषने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"हे गाणं माझ्या मित्राचं," तो म्हणाला. "लाहू. इथलाच, आशागडचा. आठ वर्षांपूर्वी रस्त्यावर अपघातात गेला. मी जिथे जातो तिथे शेवटी त्याचंच गाणं गातो."

आणि तो गाऊ लागला, पाटी भरली, हात रिकामे. पाटी भरली, हात रिकामे.

लाहूला आधी काही समजलंच नाही. मग आठवलं, पलीकडच्या पाड्यावर लाहू नावाचा आणखी एक जण होता, तो मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याच्या मातीला लाहू स्वतः गेला होता. मनिषला कुणीतरी अर्धवट सांगितलं असणार. उठून उभं राहावं असं त्याला वाटलं. पण पुढची एक बाई पदराने डोळे पुसत होती, सगळं अंगण गप्प होतं, आणि गाणं ते दोघं गायचे त्याहून कितीतरी चांगलं झालं होतं. आपण उठलो तर ते मोडेल. तो हात मांडीखाली दाबून बसून राहिला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यानेही वाजवल्या.

नंतर फोटोसाठी रांग लागली. लाहू शेवटी उभा राहिला.

"मनिष, मी लाहू."

मनिषने त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मागच्या स्पीकरच्या खोक्यावर खाली बसला. लाहूचे दोन्ही हात धरून तो रडला. फोनवर कुणी कळवलं, आपण किती दिवस जेवलो नाही, सगळं सांगत राहिला. लाहूने दुसऱ्या लाहूचं सांगितलं. मनिष एकदम उठला. लोक अजून फाटकाशी आहेत, त्यांना परत बोलावतो, म्हणाला.

"राहू दे," लाहू म्हणाला. मग त्याने विचारलं, "मी गेलो असं कळलं, तर घरी का नाही आलास?"

मनिष पुन्हा खोक्यावर बसला. "वाटलं, तिथे मला कोण ओळखणार."

"बायजी ओळखायची. चहा दिला असता तिने."

बायजी गेली तेव्हा दहा दिवस घरातून माणसं हलली नव्हती. वर्षानुवर्षं बोलाचाल बंद असलेला तिचा भाऊसुद्धा उधव्याहून येऊन ओट्यावर बसून गेला होता. हे लाहू बोलला नाही. मनिषला न्यायला गाडी आली होती. दोघांनी नंबर घेतले. लाहू चालत स्टेशनपर्यंत आला आणि आशागडच्या रिक्षात बसला.

मनिषचे दोन फोन आले. पावसाआधी येतो, म्हणाला होता. आला नाही. लाहूने एकदा नंबर काढला, पण कार्यक्रम चालू असेल म्हणून लावला नाही.

दिवाळीत उन्नती आली तेव्हा तिने एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी मोठ्या शहरातला हॉल. मनिष एवढंच म्हणाला, "हे गाणं लाहूचं आहे. तो डहाणूला असतो." लोक जरासं हसल्यासारखे वाटले, आणि गाणं सुरू झालं. बरं वाटलं का, असं उन्नतीने विचारलं.

"आशागड म्हणायला हवं होतं," लाहू म्हणाला, आणि तिच्यासाठी चहा टाकायला उठला.