मटणावरचा हिरवा रंग

ती दुपार अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तेव्हा जबलपुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्यात फोन आला, "साहब, दीक्षितपुरा में सगाई है. मीट में जहर है, हरा पड़ गया है." नाव न सांगता माणसाने फोन ठेवला.

आम्ही पोहोचलो तेव्हा पाहुणे उलट्या करत होते. नवरीच्या आजीला दरदरून घाम सुटला होता, तोंडातून लाळ गळत होती. सगळ्यांना नेपियर टाउनच्या दवाखान्यात हलवलं. मागे उरलेल्या जमावाने स्वयंपाक करणाऱ्या बाईंना घेरलं होतं. त्यांचा नवरा आयुध निर्माणीतून निवृत्त होऊन वारला होता, तेव्हापासून त्या जेवणाच्या ऑर्डरी घेत. मी त्यांना गर्दीतून काढून ठाण्यात आणलं. मटणाचा नमुना सीलबंद करून पंचनामा केला, उरलेलं मटण ठाण्यातच ठेवलं.

भाजून गार केलेल्या मटणाचे ते पातळ काप होते. त्यांवर हिरवी-जांभळी झाक स्पष्ट दिसत होती.

"साहेब, मी काहून विष घालीन?" बाई म्हणाल्या. "माझ्या नातवानं हेच खाल्लं. तो ठणठणीत आहे."

मी उरलेल्या मटणाची ताटली उचलून खिडकीशी नेली. ताटली कलती केली तशी झाक सरकली, मग नाहीशी झाली. कुजल्याचा रंग असा जागा बदलत नाही. कापाला वास नव्हता, बोटाला चिकटही लागला नाही. ओळखीच्या एका पशुवैद्यकीय डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मांस तंतूंना आडवं कापलं, की त्या बारीक टोकांवर उजेड फुटतो आणि रंग दिसतात. पारव्याच्या मानेवर दिसतात ना, तसे. तंतूंच्या लांबीच्या दिशेने कापून बघा."

कापलं. हिरवा रंग कुठेच नव्हता. अर्थात रंग निर्दोष म्हणून मटण निर्दोष, असं होत नाही. तो निकाल प्रयोगशाळा देणार होती, पण तोवर आजी तग धरतील का, हे कोणीच सांगेना.

मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "ही साधी अन्नबाधा वाटत नाही. काय पोटात गेलंय, ते कळलं पाहिजे." मी प्रत्येकाला एकच विचारलं : काय खाल्लं, काय प्यायलं? आजींनी आयुष्यात मांसाला हात लावला नव्हता. जेवण सुरू व्हायच्या आधी त्या फक्त सरबत प्यायल्या होत्या. आजारी पडलेले सगळेच सरबत प्यायले होते. आणखी एक गोष्ट जबाबांतून निघाली. ठाण्यात फोन आला, तेव्हा मंडपात एकालाही उलटी झाली नव्हती.

मग फोन करणाऱ्याला हे आधीच कसं कळलं? नंबर काढला. तो नवरीच्या मामाचा होता, आजींच्या सख्ख्या मुलाचा. सरबताची व्यवस्था त्याच्याकडेच होती.

त्याला दवाखान्यातल्याच एका रिकाम्या खोलीत बसवलं.

"मी तर मदत करून राहिलो होतो जी. मटण हिरवं दिसलं म्हणून फोन केला."

"तुमच्या आईने मटण खाल्लं नाही."

तो खुर्चीवरून उठू लागला. मी त्याला परत बसवलं.

"तुम्हाला काय शिक्षा होईल, ते नंतर बघू," मी म्हणालो. "बाहेर डॉक्टर उभे आहेत. त्यांना मी काय सांगू?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "ड्रम माझ्या गोदामातला होता. फवारणीच्या औषधाचा. धुतला होता, साहेब. सरबत तळाशी आलं तेव्हा वास आला. घाबरलो. तेवढ्यात ते मटण चमकताना दिसलं."

मी त्याला दंडाला धरून डॉक्टरांसमोर उभं केलं. औषधाचं नाव त्याने स्वतः सांगितलं. उपचार बदलले. आजी वाचल्या, बाकीचेही सुधारले. मामावर गुन्हा दाखल झाला. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला. मटणात काही नव्हतं, विष सरबतात होतं.

बाईंना मात्र मी अहवालाची वाट न बघता, मामाने कबुली दिली त्याच संध्याकाळी सांगितलं, "तुम्ही घरी जाऊ शकता."

त्या उठल्या नाहीत. "तुम्ही सोडलं जी. मोहल्ला सोडेल का?"

मी त्यांना जीपमध्ये पुढे बसवलं आणि त्या राहत होत्या त्या घमापूरच्या भर बाजारातून घरी नेलं. त्यांच्या दारात उभा राहून, जमलेल्या लोकांना घडलेलं सगळं मोठ्याने सांगितलं. काही जण मान खाली घालून निघून गेले. एका शेजारणीने पुढे होऊन त्यांचा हात धरला.

डोळ्यांना दिसलेला रंग पुरावा नसतो, हे त्या प्रकरणाने मला शिकवलंच. पण त्याहून पक्कं शिकलो ते हे : संशय चारचौघांत घेतला असेल, तर निर्दोष आहे हेही चारचौघांतच सांगावं लागतं. नुसतं सोडून दिल्याने माणूस सुटत नाही.