हरकतदाराचा भाचा

"हरकत आली आहे," विवाह अधिकारी म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी उभ्यानंच वाचला. वाचून खाली बसले.

नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते. ती ऑफिसच्या बोर्डावर महिनाभर लावतात. ज्याला आक्षेप असेल त्यानं त्या मुदतीत लेखी सांगायचं. यालाच हरकत म्हणतात. कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल की यातून फसवणूक टळेल. प्रत्यक्षात बोर्ड वाचायला येतात ते मुलीचे चुलते, चुलत्यांचे मित्र आणि ज्यांना दुसरा उद्योग नाही असे लोक. मी यावर एक पत्रक काढलं होतं. त्याचे गठ्ठे अजून पडून आहेत.

मी सोलापुरात वकिली करते. सनद नवी आहे. सात रस्त्याजवळ अण्णांच्या ऑफिसात बसते. अण्णा म्हणजे माझे सीनियर. हुंडा आणि बस्ता या भानगडी टाळून लग्न करू पाहणाऱ्यांची नोंदणी करून द्यायची, एवढं काम मी फी न घेता करते. आतापर्यंत हरकती आल्या त्या एकाच छापाच्या होत्या. मुलगी अज्ञान आहे, मुलगी वेडी आहे, मुलीला फूस लावली आहे. ही हरकत वेगळी होती.

मुलगी कुसुम. शहरातल्या एका शाळेत शिक्षिका. शाळेजवळच खोली घेऊन राहते. मुलगा सुभाष, मोटार गॅरेजमध्ये फिटर. हरकत घेणारे कुसुमचे वडील, दौलतराव. अकलूजकडचे ऊसवाले. त्यांनी शपथेवर लिहिलं होतं की सुभाषची आई सोनाबाई ही त्यांची सावत्र बहीण आहे. त्यांच्या वडिलांनी मोडनिंबच्या एका विधवेशी पाट लावला होता. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. वाजंत्री नाही, मांडव नाही, चार माणसांत उरकायचं. त्या पाटाच्या बायकोची मुलगी ती सोनाबाई. म्हणजे सुभाष आणि कुसुम ही आते-मामे भावंडं झाली, आणि नोंदणी विवाहाच्या कायद्यात अशी नाती निषिद्ध आहेत.

"खोटं आहे," मी म्हणाले.

"असेल. पण माणसानं शपथेवर लिहिलंय," साहेब म्हणाले. "तुम्ही पुरावा आणा. मी चौकशी ठेवतो. नातं नसेल तर लग्न लावतो. असेल तर मला हात लावता येणार नाही."

"समाजात तर मामाच्या मुलीशी लग्न सर्रास होतं. रूढीला कायद्यात सूट आहे."

"सूट आहे. पण त्यासाठी सरकारचं नोटिफिकेशन लागतं. माझ्या ऑफिसात तसलं काही आलेलं नाही. रूढीच पाळायची तर अक्षता टाका ना बाई, माझ्याकडे कशाला येता?"

मला त्याचा राग आला. 

घाई करायला कारण होतं. कुसुमच्या शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर दौलतरावांचे दोन गडी रोज येऊन बसत. काही बोलत नसत. शाळा सुटली की उठून तिच्या मागून खोलीपर्यंत चालत जात. लग्न लवकर लागलं नाही तर एक दिवस जीप येणार आणि कुसुम अकलूजला जाणार, हे तिला माहीत होतं. तिकडे एका साखर कारखान्याच्या डायरेक्टरच्या मुलाशी तिचं जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

मी आधी सोनाबाईंकडे गेले. त्या गिरणीत वाइंडिंग खात्यात. नुकत्या पाळीवरून आल्या होत्या, केसांत कापसाचे तंतू होते.

"तुमच्या वडिलांचं नाव काय?"

"ठावं न्हाय."

"म्हणजे?"

"मी लई बारीक असताना गेला म्हनं. आई मला घिऊन मोडनिंबला भावाकडं आली. माज्या मामानंच वाढवलं मला."

"आईनं कधी सांगितलं नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अडाणी. "नवऱ्याचं नाव बाई घेती व्हय कदी? इचारलं की म्हनायची, मोठ्या घरचा मानूस हुता. गावातल्या बायका म्हनायच्या, हिची आई ठिवलेली हुती. मग मी इचारायचं सोडलं."

मी अण्णांना येऊन सांगितलं, तेव्हा संतापानं माझा आवाज चढला होता. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही या एका रीतीपायी एका बाईला जन्मभर बाप कोण ते कळलं नाही. वर शेजारणींची बोलणी.

अण्णा म्हणाले, "पत्रक नंतर लिही. आधी कागद शोध."

मोडनिंब माढा तालुक्यात, म्हणून मी माढ्याला तहसील कचेरीत गेले. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी गावच्या कोतवालाकडून तिथं येत. रेकॉर्ड कीपरनं गठ्ठा काढला, तर हवी ती सालं वाळवीनं खाल्लेली. दौलतरावांच्या जमिनीचा सातबारा पाहिला. तिथं बाप आणि मुलगे, बायकांचा पत्ता नाही. सरकारच्या दृष्टीनं जमीन पुरुषांना आकाशातून मिळालेली असते.

"मग हेळवी पाहा," अण्णा म्हणाले.

हेळवी हे आमच्या या कानडी सीमेकडच्या भागात घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे लोक. एकेका हेळव्याकडे ठराविक घराणी असतात, बापाकडून मुलाकडे येतात. चार-दोन वर्षांनी सुगीनंतर तो बैलावर बसून येतो, दारात उभा राहून त्या घराच्या पिढ्या म्हणतो, नव्या जन्मांची नोंद करतो, धान्य-कापड घेऊन पुढच्या गावी जातो. कुसुमला तिच्या लहानपणी आलेला हेळवी आठवत होता. मल्लप्पा. अक्कलकोटच्या पुढं एका माळावर त्याची वस्ती होती.

बसनं गेले. मल्लप्पा बैलाला चारा घालत होता. मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तुमच्या चोपडीतलं तेवढं पान दाखवा. मी नक्कल करून घेते."

"न्हाय दावत."

"कोर्टाचं काम आहे."

"असू द्या की. कूळ त्येच्या दारात वाचत्यात. दुसऱ्याच्या दारात, तुमच्या कचेरीत, न्हाय. माज्या बापानं न्हाय वाचलं, मी न्हाय वाचनार."

"दौलतराव तुम्हाला दारात उभं करणार नाहीत."

"मग ऱ्हायलं."

मी चिडून उठले. रस्त्यापर्यंत गेले आणि परत आले. "मल्लप्पा, घरातली मुलगी त्या कुळाची असते की नसते?"

"लगीन हुईपतूर असती. मग दुसऱ्याची."

"कुसुमचं लग्न व्हायचंय. ती सोलापुरात स्वतःच्या खोलीत राहते. भाडं ती भरते. तिचं दार कुणाच्या कुळाचं?"

त्यानं बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग बायकोला कानडीत काहीतरी विचारलं. ती हसली.

"पोरगी सोता बोलवती काय?"

"बोलवते."

"लुगडं द्यायला लागंल. आन बैलाला पेंड."

रविवारी मल्लप्पा आला. कुसुमच्या चाळीत बैल शिरल्याबरोबर सगळी बिऱ्हाडं बाहेर आली. एक तेलुगू आजी बैलाच्या पायावर पाणी घालून गेल्या. पलीकडच्या चाचींनी विचारलं, "क्या है, शादी है क्या?" कुसुम म्हणाली, "उसीच का झगडा है, चाची." सुभाष नळाजवळ उभा होता. सोनाबाई पायरीवर बसल्या होत्या, टपरीवरचे दोघे गडी फाटकात. त्यांनाही ऐकायचं होतंच.

मी वही-पेन घेऊन तयार होते. खात्री होती की सोनाबाईंच्या आईचं नाव निघणार नाही आणि हरकत उडणार.

मल्लप्पानं घंटा वाजवली आणि सुरात सुरू केलं. मूळ पुरुष कुठून आला, कुठल्या देवीचा, कुठं वस्ती केली. मग अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा. दम न घेता. "धोंडजीचा मालोजी. मालोजीला बायका दोन. लग्नाची भागीरथी, पोटी दौलत. पाटाची गोजराबाई, मोडनिंबची, पोटी एक लेक."

पुढं तो दौलतरावांच्या मुलांवर गेला. मी लिहायची थांबले होते.

"गोजराबाई," सोनाबाई म्हणाल्या. "माजी आई."

सुभाषनं नळाच्या खांबाला टेकून डोळे मिटले. कुसुम माझ्याकडे पाहत होती.  जे खोटं पाडायला गेले ते मीच वाजतगाजत खरं करून घेतलं होतं, दौलतरावांच्या गड्यांसमोर.

"नोंदणी होणार नाही," मी शेवटी म्हणाले. "हरकत खरी आहे. तुम्ही मामे-आते भावंडं आहात."

सोनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "म्हंजी कुसुम माज्या भावाची लेक?"

"हो."

"आन सुभाष तिच्या बापाचा भाचा?"

"हो हो. तेच तर."

"मग अडलंय कुटं?" त्या म्हणाल्या. "मामाच्या लेकीवर भाच्याचाच पयला हक. हे काय इपरीत झालं व्हय?"

चाळीत हशा पिकला. मी सोडून सगळे हसले. मामाची मुलगी ही भाच्याची मालमत्ता नव्हे, या विषयावर मी खुद्द बार्शीत सभा घेतलेली. मी तसं बोलूनही दाखवलं.

कुसुम म्हणाली, "ताई, हक्कबिक्क राहू द्या. त्याला मी निवडलंय. मामा-भाचा नंतर निघाले. त्यात माझा काय दोष?"

 अण्णांनी दुसऱ्या दिवशी शांतपणे सांगितलं की हिंदू विवाहाच्या कायद्यात रूढीनं चालणाऱ्या अशा लग्नाला आडकाठी नाही, त्याला नोटीस लागत नाही, बोर्ड लागत नाही. "फक्त भटजी लागतो," ते म्हणाले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून चष्मा पुसू लागले. मग सोनाबाईंना म्हणाले, "बहीण असल्याचं भावानंच लिहून दिलंय. जमिनीत वाटा मागता येईल."

"जमीन नगं, वकीलसायेब. माहेर मिळालं तर बगा."

मी त्यांच्याशी अर्धा तास भांडले. उपयोग झाला नाही.

चौकशीच्या दिवशी दौलतराव आपला वकील आणि भावकीतले दोन म्हातारे साक्षीला घेऊन आले. इस्त्रीचं धोतर, हातात छत्री. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"हरकत आम्हाला मान्य आहे," मी म्हणाले. "सोनाबाई या दौलतरावांच्या बहीण आहेत. मुलगा यांचा सख्ख्यासारखा भाचा आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. दौलतरावांचा वकील खूश झाला. थोरला म्हातारा मात्र पुढं सरकला.

"दौलत, खरं हाय काय ह्ये?"

"कागदावर हाय," दौलतराव म्हणाले. "कायद्यापुरतं."

"कायद्यापुरता भाचा कसला? भाचा हाय का न्हाय?"

"हाय."

"मग त्येला सोडून डायरेक्टरच्या घरी पोरगी देताना भैनीला इचारलंस का? का भाऊबीजेला बी तिला कायद्यापुरतंच बोलवनार?"

दुसरा म्हातारा छत आणि पंखा यांच्यामधलं काहीतरी निरखू लागला. त्याचे खांदे हलत होते. दौलतरावांचा चेहरा उतरला. त्यांच्या वकिलानं हळूच विचारलं, हरकत मागं घेता येईल का. साहेब म्हणाले, "आता नाही. नातं सिद्ध झालं. अर्ज नामंजूर."

कागदोपत्री मी ती केस हरले. ऑफिसच्या रजिस्टरला तसंच लिहिलेलं आहे.

त्या आठवड्यात सोनाबाई एकट्या अकलूजकडं गेल्या. भावाच्या दारात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उभ्या राहिल्या. गाव बघत होतं. बहिणीला दारातून रिकामी पाठवायची सोय दौलतरावांना उरली नव्हती, कारण तिला बहीण त्यांनीच केलं होतं.  वहिनीनं ओटी भरली. टपरीवरचे गडी दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

लग्न सोनाबाईंच्या दारात झालं. अक्षता, अंतरपाट, भटजी, सगळं. मी मागच्या रांगेत तोंड वाकडं करून उभी होते. दौलतराव आले. मुलीचं कन्यादान करणार नाही, असं त्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं, आणि ते केलंही नाही. कुसुमच्या भावकीतल्या एका चुलत्यानं केलं. पण अंतरपाट धरला तेव्हा भटजींनी मुलाच्या मामाला हाक मारली. लोक इकडं तिकडं बघायला लागले. दौलतराव थोडा वेळ जागेवर थांबले. मग छत्री कुणाच्या तरी हातात देऊन सुभाषच्या मागं जाऊन उभे राहिले.

लोकांना हा शेवट गोड वाटतो. मला वाटत नाही. गोजराबाई जिवंत असताना तिला कुणी बायको म्हटलं नाही, मेल्यावरही नाही. म्हटलं ते एक लग्न मोडण्यासाठी, स्टँपपेपरवर.

आता माझ्याकडे जोडपं आलं की नोटीस लावण्याआधी मी दोघांना त्यांच्या दोन्ही आज्यांची नावं विचारते. बहुतेकांना सांगता येत नाहीत. मी त्यांना परत पाठवते आणि म्हणते, आधी घरी विचारून या.