ब्रोमीन मागच्या दाराने

आमच्या बॅचचे आठ जण कुठेही भेटलो, अगदी कुणाच्या तेराव्याला, तरी दहा मिनिटांत गाडी ब्रोमीनवर येते. इतके किस्से साठलेत की घरचे आम्हाला वेगळ्या खोलीतच बसवतात!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत एम.एस्सी. केमिस्ट्रीची आमची पहिलीच बॅच, आणि मंजुरी फक्त एका वर्षाची. मुंबईच्या परीक्षकांनी वाईट अहवाल दिला की दुसरं वर्ष मुंबईत. आम्हा सात जणांचं कसंबसं भागलं असतं. पूर्णगडच्या सुनंदाला मात्र घरून साफ नकार होता. तिचं शिक्षण तिथेच संपलं असतं.

*

ब्रोमीनची बाटली आमच्या दामलेसरांनी मुंबईहून एसटीने आणली. भुशात घालून, आंब्याच्या पेटीत!

कंडक्टर पेटीकडे बघतच राहिला. "मास्तर, मुंबईहून रत्नागिरीला आंबे? आपली कलमं मेली काय सगळी?"

*

ब्रोमीनच्या वासाची शेजारच्या फिजिक्सवाल्यांनी तक्रार केली. सरांनी खिडक्या उघडल्या. खाडीकडचा वारा सुकत घातलेल्या मासळीचा वास घेऊन थेट फिजिक्समध्ये! पाच मिनिटांत निरोप आला, "ब्रोमीनच बरा!"

सुनंदा भडकली. "ब्रोमीनला काय बोलायचं ते बोला. सुकटीला नावं ठेवायची नाहीत हां!"

*

रेणूंची मॉडेल्स कॉलेजकडे नव्हती. सरांनी एक घरीच केलं. कार्बनला चिकू, ब्रोमीनला ओल्या सुपाऱ्या, जोडायला झावळीचे हीर. सकाळी बघतो तर दोन्ही ब्रोमीन गायब! लॅबचा शिपाई भिकू शांतपणे पान चघळत उभा.

"भिकू, ब्रोमीन कुठे गेले?"

"चुन्याबरोबर रिअ‍ॅक्शन झाली, सर!"

*

परीक्षेत सुनंदाला स्टिलबीन नावाच्या रसायनावर ब्रोमीन घालायचा होता. पांढरेशुभ्र स्फटिक निघाले. परीक्षकांनी ते चिमटीत धरले.

"दोन ब्रोमीन रेणूला एकाच बाजूने का चिकटत नाहीत? पाठ केलेलं नको. पटवून दे."

आमच्यातले चौघे याच प्रश्नावर आडवे झाले होते. दामलेसर दारात घाम पुसत उभे.

सुनंदा म्हणाली, "सर, पुढच्या पडवीत एक पाहुणा दोन्ही खांब अडवून पसरला, की दुसऱ्याला मागच्या दारानेच घ्यायला लागतं."

"आणि पहिला उठून गेला तर?"

"आमच्याकडे जेवल्याशिवाय कोण उठू देतंय, सर!"

परीक्षक हसले नाहीत. "एकाच बाजूने चिकटले असतील तर हे एकशे चौदाला वितळतील. विरुद्ध बाजूंनी असतील तर दोनशे सदतीसला. तापव."

स्फटिकांची बारीक नळी बांधून थर्मामीटर पॅराफिनमध्ये बुडवला. एकशे चौदा आले. स्फटिक ढिम्म! दीडशे. दोनशे. पॅराफिन धुरायला लागलं, सगळे खोकायला लागले, पण जागचं कुणी हललं नाही.

दोनशे सदतीसला स्फटिक पाणी पाणी झाले.

परीक्षकांनी धुराने लाल झालेले डोळे पुसले, चष्मा चढवला आणि सरांकडे वळले.

"दामले, पुढच्या वर्षी नव्या बॅचला हा प्रयोग हिलाच शिकवू द्या!"