ठिय्याबाई

लाखनीच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई एकदा बसल्या की त्यांना उठवायला क्रेन लागे, आणि त्या काळी आख्ख्या भंडारा जिल्ह्यात क्रेन नव्हती. आम्ही त्यांना ठिय्याबाई म्हणायचो. अर्थात, त्या बऱ्याच लांब गेल्यावर.

बसणं ही त्यांची उपचारपद्धतीच होती. पोराला लस टोचू न देणाऱ्या घराच्या उंबरठ्यावर त्या फतकल मारत, "मले काई घाई नाही," म्हणत आणि अडकित्ता काढत. ना कोणी आत जाऊ शके, ना बाहेर येऊ शके. दुपारपर्यंत घरातली सासूसुद्धा दंड पुढे करी.

एका हिवाळ्यात मात्र पंचाईत झाली. माझ्या चहाटपरीसमोरच्या बाजाराच्या मैदानात गाडीलोहारांचं एक कुटुंब उतरलं. बैलगाडी हेच त्यांचं घर. उंबरठा आणणार कुठून? त्यांच्या तान्ह्या पोरीला न्यूमोनिया झाला. बाईंनी रोज एक सुई सुरू केली, आणि दुसऱ्याच सकाळी हवालदार आला. मैदान खाली करा म्हणाला. लोहारानं मुकाट्यानं बैल जुंपले.

"कुठं जाऊन राहिला रे?" बाईंनी विचारलं.

"जिधर रास्ता जाए, बाईजी."

"अन् पोरीले सुई कोन देईन, रस्ता?"

आणि बाई गाडीत चढून बसल्या. मागचा भार असा पडला की जू वर गेलं आणि बैलांचे पुढचे पाय अधांतरी झाले. हे मी आजही शपथेवर सांगतो.

"बाई, उतरा. याइले हटवाचं हाय," हवालदार म्हणाला.

"हटव न बापू. माह्यासकट हटव."

हवालदारानं बाईंकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, आणि माझ्याकडे येऊन चहा मागितला.

पोरीच्या सुया संपेपर्यंत लाखनीचा दवाखाना त्या गाडीतच भरला. खोकलेवाले, गळूवाले चाकापाशी रांग लावून उभे. लोहारीण वैतागायची, "बाईजी, जरा सरको, आटा तो गूंथने दो." शेवटच्या सुईला पोरगी अशी किंचाळली, की हायवेवरच्या ट्रकांनी ब्रेक मारले. "छाती साफ झाली," म्हणत बाई उतरल्या.

पुढच्या हिवाळ्यात तीच गाडी आली आणि मैदानात न जाता थेट दवाखान्यासमोर थांबली. गाडीत मधोमध चौपदरी गोधडी अंथरलेली, आणि कडेकडेनं दाटीवाटीनं पोरं बसलेली. त्या पोरीशिवाय दुसऱ्या गाड्यांवरचीही, लस टोचून घ्यायला आणलेली. मी टपरी सोडून गेलो आणि सांगितलं, बाईंची बदली झाली, पवनीला.

लोहारानं फक्त रस्ता विचारला. पोरगी रांगत गोधडीवर चढायला लागली, तशी आईनं तिला उचलून कडेला बसवलं. "वो बाईजी की जगह है," म्हणाली, आणि गाडी पवनीच्या रस्त्याला लागली.