शुक्रवारी पाचच्या आत

टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये मी म्हाताऱ्या माणसांच्या एका डे-केअर सेंटरची व्हॅन चालवते. सकाळी आजी-आजोबांना घरोघरी जाऊन आणायचं, संध्याकाळी पुन्हा सोडायचं. यजमानांना स्ट्रोक झाला आणि त्यांची नोकरी गेली, तेव्हापासून आम्हा दोघांचा हेल्थ इन्शुरन्स माझ्या या नोकरीवर चालतो.

जास्त वेगाचं तिकीट मिळालं ते माझ्या स्वतःच्या गाडीत. काम संपवून घरी फोन लावला, तर ह्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. पंचेचाळीसच्या रस्त्यावर मी अठ्ठावन्नने निघाले होते. पोलिसाने काच खाली करायला लावली, मी कारण सांगितलं. तो तरुण पोलीस म्हणाला, "होप ही इज ओके, मॅम." आणि तिकीट हातात दिलं. घरी पोचले तर हे सोफ्यावर गाढ झोपलेले, फोन उशीखाली.

ह्यांना मी काहीच सांगितलं नाही. स्ट्रोकनंतर शब्द अडकायचे, आणि अडकले की ब्लडप्रेशर चढायचं. सेंटरच्या मालकीणबाईंनाही सांगितलं नाही. व्हॅनचा इन्शुरन्स रिन्यू होताना सगळ्या ड्रायव्हरांचं रेकॉर्ड बघतात, एक जरी तिकीट दिसलं तरी व्हॅन मिळणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

एक वाट होती. ऑनलाइन सेफ्टी कोर्स करायचा, त्याचं सर्टिफिकेट आणि राज्याचं सर्टिफाइड ड्रायव्हिंग रेकॉर्ड नव्वद दिवसांत कोर्टात द्यायचं, म्हणजे तिकीट डिसमिस. कोर्स मी लंच-ब्रेकमध्ये व्हॅनमध्ये बसून पुरा केला. रेकॉर्ड काय, वेबसाइटवर दोन मिनिटांचं काम, म्हणून ते शेवटच्या आठवड्यावर टाकलं. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत होती.

सोमवारी संध्याकाळी वेबसाइट उघडली. लायसन्सच्या कार्डावरचा छोटा नंबर मागितला, तो घातला. 'माहिती जुळत नाही.' तीनदा तेच, मग पेज लॉक झालं. तेव्हा कुठे आठवलं. ह्यांना जिने चढवेनात म्हणून आम्ही तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो होतो आणि मी ऑनलाइन पत्ता बदलला होता. पत्ता बदलला की नवं कार्ड निघतं आणि त्यावर नवा नंबर असतो. ते कार्ड मी कधी पाहिलंच नव्हतं.

घरातलं टपाल आणायचे हे. थेरपिस्टनेच सांगितलं होतं, रोज मेलबॉक्सपर्यंत चालत जा.

"अहो, माझ्या नावाचं पाकीट आलं होतं का? लायसन्सचं?"

ह्यांनी डोळे बारीक केले. "पा... कीट," म्हणाले. मग, "हो."

मंगळवारी मी रजा टाकली. खण उपसले, औषधांचे डबे, ह्यांच्या शर्टांचे खिसे, रिसायकलिंगची पिशवी, सगळं पाहिलं. हे वॉकर घेऊन माझ्या मागे मागे येत होते, मी बंद केलेले खण पुन्हा उघडत होते. ज्या माणसाने वीस वर्षं घरातला प्रत्येक कागद फायलीत लावून ठेवला, तो आता चमच्यांच्या खणात पाकीट शोधत होता.

"कुठं ठेवलंत?" मी ओरडले. "दिवसभरात एक काम आहे तुम्हाला. एक! तेही होत नाही?"

ते बोलायचा प्रयत्न करत होते. मी बोलू दिलं नाही. तिकिटाचं सगळं तोंडातून निघून गेलं. "तुम्ही फोन उचलला नाहीत म्हणून मिळालं ते. आता व्हॅन गेली की तुमची थेरपीही गेली, कळतंय का?"

 ते वॉकर वळवून, दार उघडून बाहेर गेले. टेक्सासचं भर दुपारचं ऊन, टपाल यायला तास दोन तास अवकाश. खिडकीतून मला दिसत होतं, ते मेलबॉक्स उघडून आत हात घालून चाचपत होते. मी हाक मारली नाही.

मग बाथरूममध्ये जाऊन रेडमंडला राहणाऱ्या मुलीला फोन केला. रडत सगळं सांगितलं.

"आई, व्हाय डिडन्ट यू टेल एनीवन?" ती म्हणाली. मग कीबोर्ड खडखडला. "ओके. लायसन्स ऑफिसची अपॉइंटमेंट महिनाभर नाहीये. पण सकाळी सेम-डे स्लॉट्स देतात म्हणे. लाइनमध्ये उभी राहा."

बुधवारी मी सातला पोचले. माझ्या पुढे सहा माणसं असताना स्लॉट संपले. गुरुवारी उजाडायच्या आत निघाले. एवढा वेळ ह्यांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून सोबत घेतलं. घडीच्या स्टुलावर हे बसले, मी उभी. दोन दिवस आमच्यात जेवण आणि गोळ्या सोडून बोलणं नव्हतं.

खिडकीवरच्या बाईने माझं नाव टाइप केलं. "कार्ड पाठवलं होतं आम्ही," ती इंग्रजीत म्हणाली. "परत आलं." तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. "तुम्ही पत्त्यात अपार्टमेंट नंबर टाकलेला नाही."

फॉर्म मीच भरला होता. हे माझ्या शेजारी वॉकर धरून उभे होते, त्यांनी ऐकलं. मला मान वळवून त्यांच्याकडे बघवलं नाही. बाईने नव्या नंबराचं कागदी लायसन्स छापून दिलं आणि सिस्टीममध्ये चढायला एक दिवस लागू शकतो, म्हणाली.

शुक्रवारी अर्धा दिवस रजा घेऊन ह्यांना घेऊन लायब्ररीत गेले, रेकॉर्ड तिथेच छापूनही मिळालं असतं. कॉम्प्युटरसमोर बसले तर आकडे चुकत होते. ह्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि एकेक आकडा वाचायला लागले. एका आकड्यापाशी बराच वेळ अडकले. घड्याळात तीन वाजून गेले होते. मी थांबले. "नऊ," ते म्हणाले. मी नऊ दाबला, आणि पेज उघडलं.

कोर्टाच्या खिडकीवर पोचलो तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. तिथल्या माणसाने रेकॉर्डचं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं, सर्टिफिकेटला टाचलं, शिक्का मारला. "यू आर ऑल सेट."

गाडीत बसल्यावर मला किल्ली फिरवता येईना.

"चूक माझी होती," मी म्हणाले. "तुम्ही काही हरवलं नव्हतं. मी तुम्हाला नको ते बोलले."

ते समोर पाहत राहिले. ओठ हलत होते, शब्द शोधत होते. मी या वेळी मध्ये बोलले नाही.

"नाही... आलं," ते शेवटी म्हणाले. "पाकीट. नाही आलं."

सोमवारी त्यांना हेच सांगायचं होतं. तोंडून 'हो' निघालं होतं, आणि मंगळवारभर ते तो एक शब्द दुरुस्त करायचा प्रयत्न करत होते.

पार्किंगमधल्या गाड्या एकेक करून निघून गेल्या, तरी आम्ही तिथेच बसून होतो. तिकीट डिसमिस झाल्याचं पत्र पुढे पंधरवड्याने आलं, व्हॅन माझ्याकडेच राहिली. त्या संध्याकाळी मात्र मला त्यातलं काही सुचत नव्हतं. मी त्यांचा उजवा, कमजोर झालेला हात मांडीवर घेतला आणि "मला माफ करा," एवढंच म्हणत राहिले.