साडूची म्हातारपणाची तालीम

माझ्या साडूने मला फसवलं. माझ्याच घरात राहून, दोन वर्षं, माझ्या नाकासमोर फसवलं. आणि मी, गोंदियात सायकलवर जुनी पोती गोळा करत बारदान्याचा धंदा उभा केलेला माणूस, मला पत्ताही लागला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याचं कौतुक निघेल आणि मूळ तक्रार बाजूला पडेल.

कौतुक अशासाठी की म्हातारपणाची एवढी तयारी केलेला माणूस या जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. लोक मुलीच्या लग्नाची करतात तशी त्याने स्वतःच्या लुळेपणाची तयारी केली. सडक अर्जुनीकडचा तो शेतकरी. गावचा तलाव त्याच्या पूर्वजांनी बांधलेला आणि त्याची ऐट त्याच्या प्रत्येक वाक्यात. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. आधी त्याची गेली, दीड वर्षाने माझी. माझा मुलगा बंगळुरूला, त्याची मुलगी रायपूरला. माझ्या बायकोच्या तेरवीला पंगतीत शेजारी बसून, भजं तोंडात असतानाच, तो म्हणाला, "तुया घरची खालची खोली रिकामी आहे ना? मी येऊन जातो. सेवेले एक बाई ठेवू. अर्धा खर्च तुया, अर्धा माया."

"साडभाऊ, अजून आपण धडधाकट आहो," मी म्हणालो.

"म्हणूनच तर म्हणून राहिलो. आमच्या आज्यानं तलाव बांधला तवा विहिरी भरल्या होत्या. विहिरी आटल्यावर तलावाची पाळ बांधून काय फायदा गा?"

आठवड्याभरात तो टेम्पो घेऊन दारात हजर. टेम्पोत कठडे लावलेली दवाखान्याची खाट, व्हीलचेअर आणि मधोमध भोक पाडलेली खुर्ची. कुठलासा दवाखाना बंद पडत होता, तिथून त्याने हे उचललं होतं. शेजारी जमले, कोण आजारी आहे म्हणून विचारू लागले. "अजून कोणी नाही," साडू अभिमानाने म्हणाला. रोज सकाळी तो चार किलोमीटर ताडताड चालून यायचा आणि घामेजल्या अंगाने अर्धा तास व्हीलचेअरवर बसायचा. सवय असावी म्हणून. उरलेला दिवस त्या खुर्चीवर मोहफुलं वाळत असत. शुक्रवारी तो डाव्या हाताने जेवायचा. "उजवा गेला तर?" वरण कोपरापर्यंत ओघळायचं, सदरा पिवळा व्हायचा, पण शुक्रवार काही चुकला नाही.

बाई निवडण्याची त्याची पद्धत तर मी कुठे पाहिली नाही. तो खाटेवर डोळे मिटून, जीभ थोडी बाहेर काढून पडायचा आणि आलेल्या उमेदवाराला मी सांगायचं, की पेशंट बेशुद्ध आहे, कूस बदलून दाखव. एका दांडग्या गड्याने त्याला धानाच्या पोत्यासारखं असं उलटवलं की बेशुद्ध माणसाने आईवरून शिवी घातली. एका म्हातारीने त्याचा चेहरा पाहताच गळा काढला. तेव्हा हा उठून बसला आणि म्हणाला, "मेलो नाही वो बाई, परीक्षा चालू आहे." ती जी पळाली, चपला आमच्याकडेच राहिल्या.

मग देवरीकडून फुलवंताबाई आली. हिने दवाखान्यात आयाचं काम केलेलं. तिने साडूला हलवलंच नाही. आधी त्याच्या पाठीखाली हात घातला, अडकित्ता बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. "शेठ, हे पहिले उचला. अशानं पाठीले जखम होते." साडूने एक डोळा उघडला. "हेच बाई ठेव," तो म्हणाला.

पगाराचं बोलणं अर्थातच माझ्याकडे. दोन माणसांचे तिने पंधरा हजार मागितले, राहणं-जेवण वेगळं. मी दोनदा उठलो, एकदा चपलाही घातल्या. आपल्याच घरातून उठून कुठे जाणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं, पण भाव करायचा तर उठावं लागतं. बाई पंधरावर ठाम. शेवटी साडू म्हणाला, "चाल, तुले रांधायची खोली दाखवतो." दोघं आत गेली, पाच मिनिटांनी आली आणि बाई म्हणाली, "बरं शेठ, बारा." त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

दोन वर्षं मजेत गेली. मजेत म्हणजे भांडत. पंख्याचा वेग, वर्तमानपत्र आधी कोणाला, वांग्याला कीड आहे की नाही, प्रत्येक गोष्टीवर आमचा सौदा चाले आणि बहुतेक वेळा मीच जिंकायचो. साडू मान हलवायचा. "तुयासंगं कोणी बोलावं गा," असं म्हणून पंखा माझ्या मनासारखा करायचा.

एका सकाळी दात घासताना त्याच्या हातातून लोटा पडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. फुलवंताबाईने तालमीप्रमाणे सगळं बिनचूक केलं. वेळेवर दवाखाना मिळाला म्हणून जीव वाचला, असं डॉक्टरही म्हणाले. पण आमच्या एवढ्या तयारीत एक गोष्ट राहून गेली होती. रायपूरहून त्याची मुलगी आली.

"काका, दोन म्हातारे आणि एक बाई, याले काय सोय म्हणतात?"

"पोरी, तुया बाबानंच ठरवलं हे. दोन वर्षांपासून..."

"बाबा काहीही ठरवतात. तुमच्या भरोशावर कशी सोडू मी त्यांना?"

आयुष्यभर मी कोणाला पहिल्या बोलीत होकार दिला नाही. त्या दिवशी माझ्याकडे बोलीच नव्हती. ॲम्ब्युलन्स गेली. खाट, व्हीलचेअर सगळं इथेच राहिलं; रायपूरला नवीन घेतलं म्हणे. परवा ती फोनवर म्हणाली, नर्सला नवल वाटतं, बाबा डाव्या हाताने किती सफाईने जेवतात.

महिना भरला. मी फुलवंताबाईच्या हातावर बारा हजार ठेवले. ती जाईना.

"काय झालं?"

"वरचे तीन, शेठ."

"कोणते तीन?"

तिने पदर सावरला, इकडेतिकडे पाहिलं, मग म्हणाली, "बाबाजी देत होते. पहिल्या दिवशीच रांधायच्या खोलीत म्हणाले, तू बारा म्हण, वरचे मी देत जाईन. पण त्याले सांगू नको. त्याले जितू दे. हारला का त्याले जेवण जात नाही."

मी तिला तीन हजार दिले. घासाघीस न करता दिले. मग खाली त्याच्या खोलीत जाऊन बसलो आणि मागचे सगळे सौदे आठवू लागलो. त्याची स्कूटर मी निम्म्या भावात घेतली होती. त्याच्या धानाची रिकामी पोती मी दरवर्षी बाजारापेक्षा स्वस्त उचलायचो आणि घरी येऊन बायकोला सांगायचो, तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला व्यवहार कळत नाही. ती हसायची. आता वाटतं, तिलाही माहीत होतं की काय?

आता घरात कोणी माझं म्हणणं खोडत नाही. भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं तर फुलवंताबाई म्हणते, "हो शेठ." कमी आहे म्हटलं तरी "हो शेठ." पंखा मला हवा तसा फिरतो आणि मला गार लागतं. रोज संध्याकाळी त्याची मुलगी फोन त्याच्या कानाला लावते. मी ओरडतो, शिव्या देतो, हिशेब विचारतो. तिकडून फक्त श्वास ऐकू येतो. "ऐकून राहिले काका, हसून राहिले," ती सांगते.

हसून चालणार नाही. डॉक्टर म्हणतात, जीभ वळेल, वेळ लागेल. लागू दे, मी थांबतो. पण साडभाऊ, जीभ वळली की पहिला जबाब मला पाहिजे. चाळीस वर्षांत एकदा तरी मी तुला खरंच हरवलं होतं का? नुसतं "हो" म्हणालास तर ऐकणार नाही. कधी, कशात आणि किती रुपयांना, ते तुला सांगावं लागेल.